थंडी पडली की आमची आठशे होंड्याला मान टाकते

म्हादईकाठ | ९ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता गरजवंत म्हणून आलोय. सांभाळून घ्या.

घरी १९९६ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. बाबांनी घेतलेली, त्यांच्यामागे मी चालवतो. वर्षभर तक्रार नसते. पण आमच्या गोव्यातल्या वाळपईला पहाटेचं धुकं उतरायला लागलं की हिची नाटकं सुरू. सकाळी सव्वासहाला चोक ओढून सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात लागते. दोन-तीन मिनिटांत चोक आत. पुढचे पाच-सहा किलोमीटर झकास. मग होंडा गावाच्या अलीकडे पिकअप जातो, पाय दाबला तरी गाडी ओढत नाही, आणि गतिरोधकाला पाय काढला की बंद. सेल्फ मारला तर फुरफुरते आणि परत गप्प. दहा मिनिटं तशीच उभी ठेवली की जणू काही घडलंच नाही अशी सुरू होते. मग सांखळी, आमोणा, माशेल, बाणस्तारी करत पणजी. क्वचित माशेलला आणखी एकदा बसते, एरवी नाही. संध्याकाळी परत येताना कधीच नाही.

गेल्या हिवाळ्यापासून हे चाललंय. प्लग नवे, पॉइंट आणि कंडेन्सर नवे, कार्बोरेटर दोनदा साफ, पेट्रोल पंपाचा पडदा बदलला, बॅटरी बदलली. साडेसहा हजार गेले. मिस्त्री दहाला गॅरेज उघडतो, तोवर ऊन वर आलेलं असतं आणि गाडी त्याच्यासमोर सोन्यासारखी चालते. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ती मला आता सहन होत नाही.

गेल्या आठवड्यात दत्तजयंतीला आईला घेऊन पहाटेच सांखळीला निघालो, तेव्हाही तेच. आई म्हणाली, "दत्ताला चालतच जायचं असतं रे."

कोणाला असा अनुभव?

चोकमोकळा | ९ डिसेंबर, रात्री ९:५२

मारुतीला रोज होंड्यातून नेता आणि वर विचारता का रुसते?

सासष्टीकर | ९ डिसेंबर, रात्री ९:५५

हसून हसून पुरेवाट. धागा इथेच संपला.

बार्देसचा_बाब | ९ डिसेंबर, रात्री १०:२०

संपला कसला. उत्तर सरळ आहे: इथेनॉल. २०२३ पासून ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. तुमचा कार्बोरेटर १९९६च्या पेट्रोलसाठी जुळवलेला. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) गेलं तरी मिश्रण पातळ पडतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, म्हणजे थंडीत आणखी बोंब. वर ते पाणी ओढून घेतं आणि जुने रबरी पाईप, पडदे, वॉशर खातं. माझ्या जुन्या व्हॅनचा पेट्रोल पाईप हातात घेतला तर चिकट काळं डांबर बोटांना लागलं. जेट एक नंबर मोठा टाका, पाईप बदला, विषय मिटवा.

पुण्यनगरी | ९ डिसेंबर, रात्री १०:३१

गोव्यात थंडी?? किती असते, पंचवीस?

म्हादईकाठ | ९ डिसेंबर, रात्री १०:४०

पुण्यनगरी, तुमचा गोवा म्हणजे कळंगुट. आमचा सत्तरी तालुका घाटाच्या पायथ्याला आहे. सोळा-सतरापर्यंत उतरतं, आणि धुकं इतकं की कौलांवरून पागोळ्या गळतात. अंगणात पाऊस पडल्यासारखं ओलं असतं.

बाब, इथेनॉलचं पटतं, पण मग संध्याकाळी तेच पेट्रोल कसं चालतं?

फोंड्याची_लेक | १० डिसेंबर, सकाळी ७:१५

ओल! इथेच शोधा. माझ्या ओम्नीची हीच कथा होती. पावसाळ्यात आणि धुक्यात मिसिंग मारायची. एका पहाटे काळोखात बोनेट उघडून भावाला सेल्फ मारायला लावलं. एचटी, म्हणजे प्लगला करंट नेणाऱ्या, वायरींवरून निळ्या मुंग्या धावत होत्या! करंट प्लगपर्यंत जाण्याआधीच ओलसर वायरीवरून इंजिनाला उतरत होता. डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) टोपीला आतून केसाएवढी चीर होती, त्यात दव शिरायचं. टोपी, रोटर आणि तीन वायरी बदलल्या, संपलं. दादा, उद्या पहाटे दिवे बंद करून बघा. फुकटची तपासणी आहे. फक्त हात लांब ठेवा, सणसणीत बसतो.

म्हादईकाठ | ११ डिसेंबर, सकाळी ६:०५

ताई, बघितलं. आईला सेल्फवर बसवलं. काळोख मिट्ट, मुंग्या शून्य. टोपीही कोरडी. निघतो आता, होंड्याला भेटू.

म्हादईकाठ | ११ डिसेंबर, सकाळी ६:३८

भेटलो.

चोकमोकळा | ११ डिसेंबर, सकाळी ६:५०

होंड्यात एक खोली भाड्याने बघा.

घाटावरची | ११ डिसेंबर, दुपारी १:१०

रागावू नका, पण विकून का टाकत नाही? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायची, तिची फी एप्रिल २०२२ मध्येच सहाशेची पाच हजार झाली होती. त्यात हे साडेसहा हजार. ती गाडी भंगारात जाईल त्यापेक्षा जास्त पैसे तुम्ही तिच्यावर घालवताय. नवऱ्याने असंच एक जुनं धूड पाळलं होतं. रविवारी आमच्याकडे पाहुणे नाही, मिस्त्री यायचा.

म्हादईकाठ | ११ डिसेंबर, दुपारी १:४०

हिशेब बरोबर आहे तुमचा. पण डॅशबोर्डवर बाबांनी चिकटवलेला मंगेशीचा छोटा फोटो आहे. तो काढला तर खाली चौकोनी डाग राहील. एवढंच.

घाटावरची | ११ डिसेंबर, दुपारी १:४४

बरं. मग नीट करा तिला.

दाबोळीचा_फिटर | ११ डिसेंबर, रात्री ८:३०

धागा आजच पाहिला. नौदलाच्या विमानांवर हंसा तळाला नोकरी केली, आता चिखलीला निवृत्त. माझे तीन प्रश्न. उत्तरं द्या, मग बोलू.

वाळपईहून होंड्याला पोचता तेव्हा तापमानाची सुई कुठे असते? गाडीला हीटर असेल तर त्या वेळी तो चालू केल्यावर हवा गरम येते का? आणि एअर क्लीनरच्या नळीला खालून, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरून येणारा चांदीच्या रंगाचा चुणीदार पाईप जोडलेला आहे का?

म्हादईकाठ | ११ डिसेंबर, रात्री ९:०२

काका, सुई 'सी'च्या रेघेवर झोपलेली असते, पणजीला पोचेपर्यंत जेमतेम उठते. आम्ही कौतुकाने म्हणतो, थंड डोक्याची गाडी. हीटर आहे, पण गोव्यात हीटर कोण लावतो? ती दांडी कधी हलवलेलीच नाही, बहुतेक जाम असेल. चुणीदार पाईप दिसत नाही. तिथे नुसतं भोक आहे.

दाबोळीचा_फिटर | ११ डिसेंबर, रात्री ९:४५

मग तुमच्या कार्बोरेटरात बर्फ होतोय.

बार्देसचा_बाब | ११ डिसेंबर, रात्री ९:४८

काका, आदर आहे, पण सोळा अंशांत बर्फ? मग आम्ही फ्रिज कशाला घेतला?

सासष्टीकर | ११ डिसेंबर, रात्री ९:५०

उद्यापासून होंड्याला कुल्फीची गाडी.

दाबोळीचा_फिटर | ११ डिसेंबर, रात्री १०:३५

हसा. तळावर नव्या पोरांना सांगितलं की तीही हसायची.

तळहातावर पेट्रोल किंवा स्पिरिट पडलं तर गार का लागतं? उडताना ते उष्णता घेऊन जातं म्हणून. कार्बोरेटरच्या गळ्यात हेच सतत चाललेलं असतं. वर बटरफ्लायच्या, म्हणजे आतल्या फिरत्या झडपेच्या, फटीतून हवा जोराने खेचली जाते आणि तिथे तिचा दाब पडतो, त्यानेही ती थंडावते. दोन्ही मिळून आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी, कधी त्याहूनही जास्त घसरतं. सोळातून वीस वजा करा. हवा कोरडी असेल तर काही बिघडत नाही, पण धुक्यातली हवा पाण्याने भरलेली. ते पाणी बटरफ्लायच्या कडेला धरतं. आधी पिकअप जातो, आणि पाय काढला की उरलेली बारीक फट बुजून इंजिन गुदमरतं. गाडी उभी राहिली की खालच्या इंजिनाची ऊब वर चढते, बर्फ वितळतो, पाणी पेट्रोलबरोबर निघून जातं. पुरावा नष्ट. म्हणून दहा मिनिटांनी सुरू होते आणि म्हणूनच दहा वाजता तुमच्या मिस्त्रीला काही सापडत नाही. उत्तरेच्या कोरड्या कडाक्यापेक्षा आपली दमट, साधारण गार हवा याला जास्त पोषक. पिस्टन इंजिनाच्या विमानात यासाठीच कार्बोरेटरला गरम हवा द्यायची वेगळी दांडी असते.

मोटारीत ती सोय दोन प्रकारे केलेली असते. एक तो चुणीदार पाईप, जो मॅनिफोल्डवर तापलेली हवा आत नेतो. दुसरं, तुमच्या इंजिनात कार्बोरेटरखालच्या मॅनिफोल्डमधून रेडिएटरचं गरम पाणी फिरतं. पाईप तुमच्याकडे नाही. आणि सुई 'सी'वर म्हणजे पाणीही थंडच. आता सांगा, ही गाडी कधी हीट झाली होती का? आणि तेव्हा कोणी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व, काढला का?

म्हादईकाठ | ११ डिसेंबर, रात्री ११:१०

काका, तुम्ही आमच्या अंगणात बसून बघत होता काय?

मे २०२४. बेळगावला लग्नाला जाताना चोर्ला घाटात गाडी उकळली. त्यानंतर एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसाने एक पितळी चकती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "हें थंड मुलखाचें, गोंयांत कित्याक जाय?" (गोव्यात कशाला हवं?) तो पाईपही तेव्हाच गेला असणार. आणि हो, हिवाळ्याचा त्रास त्यानंतरच सुरू झाला. बाबांच्या हातात कधीच नव्हता. मी हे दोन टोक कधी जोडलेच नाहीत.

फोंड्याची_लेक | १२ डिसेंबर, सकाळी ८:००

हे गॅरेजवाल्यांचं आवडतं औषध आहे. गाडी तापते? व्हॉल्व काढा. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडावा तसं.

कुळागर | १२ डिसेंबर, सकाळी ९:२०

अवांतर: वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. चोक ओढून तसाच विसरायची त्यांची खोड. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पोचेपर्यंत मागे काळा धूर आणि प्लग काजळीने माखलेले. प्लगपाना कायम सीटखाली. बाजारात आई मिरच्या आणि चणे बघायची, वडील बोनेट उघडून प्लग घासायचे. मला वाटायचं बाजाराला जाण्याची हीच पद्धत.

आणि मागच्या पिढीचं तर विचारूच नका. आजोबा सांगायचे, पोर्तुगीज अमदानीत गोव्यात एकाहून एक परदेशी गाड्या होत्या.

सासष्टीकर | १२ डिसेंबर, सकाळी ९:४०

त्यातल्या काही बघायच्या असतील तर आमच्या नुव्याला या, जुन्या गाड्यांचं संग्रहालय आहे. मात्र तिथल्या चकचकीत आहेत, होंड्याला उभ्या नाहीत.

बार्देसचा_बाब | १२ डिसेंबर, दुपारी १२:१५

काकांचा सिद्धांत ऐकायला छान आहे, पण बर्फ डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी मानणार नाही. थर्मोस्टॅट नाही म्हणून इंजिन थंड, म्हणून पेट्रोलची नीट वाफ होत नाही, मॅनिफोल्डच्या भिंतीला थेंब धरतात, मिश्रण पातळ आणि गाडी बंद. एवढ्याने सगळं सुटतं. त्यात ई२०. बर्फाची गरजच नाही.

दाबोळीचा_फिटर | १२ डिसेंबर, दुपारी १:००

तुमचं चूक नाही, तेही होत असणार. पण नुसतं तेवढंच असतं तर गाडीने घराच्या फाटकातच जास्त त्रास दिला असता, पाच-सहा किलोमीटर चांगली पळून मग नव्हे. आणि बंद पडल्यावर लगेच चोक ओढून सुरू झाली असती. म्हादईकाठ, उद्या बंद पडली की सेल्फ मारू नका. लगेच एअर क्लीनरचं झाकण उघडा आणि टॉर्च मारून आत बघा. दोन मिनिटांच्या आत.

म्हादईकाठ | १३ डिसेंबर, सकाळी ७:०५

होंड्याहून थेट प्रक्षेपण. शनिवार, सुट्टी, खास यासाठी पहाटे निघालो. आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडावी म्हणून देवाला हाक मारली.

पडली. झाकणाचा नट घरीच सैल करून ठेवला होता. उघडलं. कार्बोरेटर बाहेरून फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा घामाने भिजलेला, आणि खालच्या अंगाला, जिथे तो मॅनिफोल्डवर बसतो, तिथे पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं. बोट लावलं. बुरशी नव्हे, हिम! नखाने खरवडलं तर नखात आलं आणि वितळलं. गळ्यातून आत टॉर्च मारला, थ्रॉटल हाताने उघडलं तर पितळी चकतीच्या कडेला खडबडीत पांढरी किनार, किसलेल्या खोबऱ्यासारखी. फोटो काढायला मोबाईल सरळ करेपर्यंत निम्मी गेली होती. उरलेल्याचा फोटो खाली टाकलाय.

चहाच्या गाड्यावरची बाई विचारत होती, "सर, त्यात काय शोधता?" म्हटलं, बर्फ. तिने चहा जरा लवकरच दिला.

बार्देसचा_बाब | १३ डिसेंबर, सकाळी ७:३०

फोटो पाहिला. काका, शब्द मागे. फ्रिज विकायला काढतो.

(ई२० ने हे वाढतं, एवढं मात्र मी धरून ठेवणार. जास्त उष्णता ओढली तर थंडही जास्त होणार.)

दाबोळीचा_फिटर | १३ डिसेंबर, सकाळी ८:१०

ते खरंच आहे, बाब. पाईप बदलण्याचा तुमचा सल्लाही त्यांनी पाळावा. जेट मात्र आत्ता बदलू नये, एका वेळी एकच गोष्ट.

म्हादईकाठ, थर्मोस्टॅट नवा आणलात तरी बसवण्याआधी तपासा. टोपात पाणी घ्या, तो दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर ठेवा. साधारण ८२ अंशांना हलू लागला पाहिजे. गार पाण्यात उघडाच असेल तर परत करा. आणि मुख्य गोष्ट: चोर्ल्याला गाडी उकळली ती थर्मोस्टॅटमुळेच, असं कोणी तपासलं होतं का? नसेल, तर तो बसवून तुम्ही जुना आजार परत बोलवाल. रेडिएटर उतरवून बघा.

पुण्यनगरी | १३ डिसेंबर, सकाळी ११:००

माझ्या विनोदावर पंधरा प्रतिसाद खर्ची पडले, आणि शेवटी गोव्यात खरोखर बर्फ निघाला. माघार. वाचनखूण साठवली आहे.

एक प्रश्न: सकाळी गाडी जागेवरच दहा मिनिटं चालू ठेवून गरम केली तर?

दाबोळीचा_फिटर | १३ डिसेंबर, दुपारी १२:२०

नको. चोकवर जागेवर गुरगुरत ठेवली तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुवून ऑइलमध्ये उतरतं. अर्धा-एक मिनिट, मग हळू चालवत निघायचं, चोक जमेल तसा आत. इंजिन चालण्याने लवकर तापतं.

म्हादईकाठ | २० डिसेंबर, रात्री ८:१५

उशीर झाला, पण काम पुरं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

थर्मोस्टॅट पणजीत मिळाला. आईच्या भाताच्या टोपात उकळला (टोप आता माझा, नवा आणून द्यावा लागला). ऐंशी ओलांडल्यावर टिचभर हलला आणि हळूहळू तोंड उघडलं. आईही वाकून बघत होती. चुणीदार पाईप दुकानात मिळेना, तेव्हा काल म्हापशाला एका भंगारवाल्याकडे जुन्या आठशेच्या सांगाड्यावरून काढला.

रेडिएटर उतरवला. काका, तुमच्या तोंडात साखर. खालच्या निम्म्या नळ्या तांबड्या गाळाने बुजलेल्या. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं आमच्या विहिरीचं पाणी भरत होतो, तेही बाबांच्या काळापासून, म्हणजे हा दोष गॅरेजवाल्याच्या माथी मारता येत नाही. रॉड मारून साफ करून घेतला, कूलंट भरलं, पेट्रोलचे रबरी पाईप बदलले.

आज पहाटे साडेसहाला धुक्यात निघालो. होंडा येईपर्यंत सुई अर्ध्याच्या जरा खाली येऊन थांबली. मी या गाडीची सुई तिथे पहिल्यांदाच बघत होतो, तर उलट भीतीच वाटली की आता उकळते की काय. गतिरोधकाला पाय काढला. गाडी चालूच. तसाच पुढे चोर्ला चढून आलो, वरपर्यंत सुई जागची हलली नाही.

एकच झालंय, सिग्नलला उभी राहिली की रेस चढल्यासारखी ओरडते.

फोंड्याची_लेक | २० डिसेंबर, रात्री ८:३०

ती थंड असताना बंद पडू नये म्हणून कोणीतरी आयडलचा (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा) स्क्रू चढवून ठेवला असणार. आता इंजिन खरोखर गरम होतंय. पूर्ण तापल्यावर खाली आणा, मिनिटाला ८००-९०० फेऱ्यांच्या आसपास.

म्हादईकाठ | २१ डिसेंबर, सकाळी १०:२०

अर्धा फेरा उलटा फिरवला, शांत झाली. हीटरची दांडीही तेल घालून मोकळी केली. आई म्हणते बरं वाटतं.

घाटावरची | २१ डिसेंबर, सकाळी १०:४५

तो साडेसहा हजारांचा हिशेब आता विचारत नाही.

म्हादईकाठ | २३ डिसेंबर, सकाळी ७:३०

आज होंड्याला न थांबता पुढे गेलो, तर गाड्यावरच्या बाईने हात करून थांबवलं. दोन दिवस दिसला नाहीत, बरं आहे ना, म्हणून विचारत होती. चहा घेतला. गाडी मुद्दाम चालूच ठेवली होती.